चषक आणि साखळी
दक्षिण अमेरिकेतील फुटबॉल स्पर्धांची घडण आणि महाराष्ट्र-गोव्यातील तिच्या समांतर वाटा

फुटबॉलच्या इतिहासात १८९१ या एकाच वर्षी, एकमेकांपासून हजारो मैल दूर असलेल्या तीन ठिकाणी, तीन वेगवेगळे आरंभ झाले. मुंबईत रोव्हर्स कप ही स्पर्धा सुरू झाली आणि तिचे पहिले विजेतेपद वूस्टरशायर रेजिमेंटच्या पहिल्या बटालियनने मिळवले. अर्जेंटिनाच्या ब्युनोस आयर्स शहरात मूठभर संघांनी एकमेकांशी ठरलेल्या क्रमाने खेळण्याची व्यवस्था उभी केली. ब्रिटिश बेटांबाहेरची पहिली लीग म्हणून तिची नोंद होते. उरुग्वेतील माँटेव्हिडिओ शहराजवळ, पेन्यारोल नावाच्या रेल्वे कारखान्याच्या वस्तीत, 'सेंट्रल उरुग्वे रेल्वे क्रिकेट क्लब' स्थापन झाला. नावात क्रिकेट असूनही पुढे तो फुटबॉलसाठीच ओळखला गेला. तिन्ही आरंभांमागे ब्रिटिश माणसेच होती, मुंबईत सैनिक, ब्युनोस आयर्समध्ये शिक्षक, व्यापारी व रेल्वेचे नोकर आणि पेन्यारोलमध्ये रेल्वेचे कारागीर. म्हणजे बियाणे एकाच कोठारातले होते. तरीही एका बाजूला रोव्हर्स कप २००१ नंतर इतिहासजमा झाला आणि दुसऱ्या बाजूला दक्षिण अमेरिकेत जगातील सर्वांत घट्ट विणलेली स्पर्धाव्यवस्था उभी राहिली. हा फरक मातीचा, रक्ताचा किंवा अंगभूत गुणांचा मानण्याची सवय सर्वत्र आढळते. प्रत्यक्षात तो मोठ्या प्रमाणात संघटनेचा फरक आहे.

बाद पद्धत आणि साखळी पद्धत

हा फरक समजून घेण्यासाठी स्पर्धेच्या दोन मूलभूत पद्धती लक्षात घ्याव्या लागतात. बाद पद्धतीत हरणारा संघ लगेच बाहेर पडतो आणि अखेरच्या सामन्याचा विजेता चषक नेतो. अशी स्पर्धा काही दिवसांत उरकते, तिला एक मैदान, एक आश्रयदाता आणि काही निमंत्रित संघ पुरतात. साखळी पद्धतीत, म्हणजेच लीगमध्ये, प्रत्येक संघ प्रत्येक संघाशी खेळतो, बहुधा एकदा स्वतःच्या आणि एकदा प्रतिस्पर्ध्याच्या मैदानावर, आणि विजय व बरोबरीच्या गुणांची बेरीज करून क्रम लावला जातो. यासाठी अनेक महिन्यांचे वेळापत्रक, अनेक मैदाने, पंचांची नेमणूक, खेळाडूंची नोंदणी आणि तंट्यांचा निवाडा करणारी कायमची समिती लागते. चषकाची स्पर्धा वर्षातून एकदा भरणाऱ्या जत्रेसारखी असते, तर लीग आठवड्याच्या बाजारासारखी वर्षभर माणसे आणि व्यवहार बांधून ठेवते. साखळीच्या वरच्या आणि खालच्या श्रेणी बढती व घसरणीने जोडल्या गेल्या, म्हणजे खालचा विजेता वर चढू लागला आणि वरचा तळाचा संघ खाली उतरू लागला, की गल्लीतल्या मैदानापासून खंडाच्या अंतिम सामन्यापर्यंत एक अखंड वाट तयार होते. मराठीत लीगला साखळी हा शब्द रूढ झाला, तो या अर्थाने फार नेमका आहे.

रोव्हर्स कप : वैभव आणि मर्यादा

मुंबईचा आरंभ कमी तोलाचा मुळीच नव्हता. सिमल्याच्या ड्युरँड कपनंतर तीनच वर्षांनी आणि कोलकात्याच्या आयएफए शील्डच्या दोन वर्षे आधी रोव्हर्स कप सुरू झाला होता. १९०२ मध्ये बॉम्बे फुटबॉल असोसिएशन स्थापन झाली आणि १९११ मध्ये ही संस्था व रोव्हर्स कपची समिती एकत्र येऊन वेस्टर्न इंडिया फुटबॉल असोसिएशन, म्हणजे आजची 'विफा', अस्तित्वात आली. शहरात हारवूड लीग या नावाने साखळी स्पर्धाही खेळवली जात असे.

पहिली काही दशके चषक गोऱ्या पलटणींकडेच राहिला. १९२३ मध्ये मोहन बागानने अंतिम फेरी गाठली, पण डरहॅम लाइट इन्फंट्रीकडून त्याला पराभव पत्करावा लागला. १९३७ मध्ये बंगलोर मुस्लिम्स या संघाने हा चषक जिंकून भारतीय संघाच्या विजयाचा पहिला मान मिळवला आणि पुढच्या वर्षी तो राखलाही. स्वातंत्र्यानंतर सय्यद अब्दुल रहीम यांच्या मार्गदर्शनाखाली घडलेल्या हैदराबाद पोलिसांच्या संघाने १९५० ते १९५४ अशी सलग पाच वर्षे मुंबईच्या कूपरेज मैदानावर चषक उंचावला. हेच रहीम पुढे १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये चौथ्या आलेल्या आणि १९६२ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक जिंकलेल्या भारतीय संघाचे प्रशिक्षक होते, यावरून त्या काळच्या रोव्हर्सचा दर्जा कळतो.

मात्र एवढी मोठी स्पर्धा कोणत्याही शिडीची पायरी नव्हती. तेथे येणारा संघ लौकिकाच्या बळावर निमंत्रण मिळवून येई आणि जिंकणाऱ्या संघासाठी त्याच्या पुढची पायरी नसे. मुंबईतील बलाढ्य संघ बहुतेक करून कंपन्यांचे, गिरण्यांचे, रेल्वेचे आणि सरकारी आस्थापनांचे होते. त्यांनी खेळाडूंना नोकरी दिली, घराला स्थैर्य दिले, ही त्यांची मोठी कामगिरी होय. परंतु संघाची मालकी कार्यालयाकडे असल्यामुळे कार्यालयाचे धोरण बदलले की संघही संपत असे. २००५-०६ मध्ये राष्ट्रीय लीग जिंकलेला महिंद्रा युनायटेड हा संघ २०१० मध्ये बंद झाला, हे त्याचे ठळक उदाहरण. देशभराची राष्ट्रीय लीग सुरू व्हायला १९९६ साल उजाडावे लागले, म्हणजे रोव्हर्सनंतर तब्बल १०५ वर्षे गेली. आणि ती सुरू झाल्यावर निमंत्रितांच्या जुन्या चषकांची वेळापत्रकातली जागा आकसत गेली. २०००-०१ च्या हंगामातील मोहन बागानचे विजेतेपद हे रोव्हर्स कपचे अखेरचे ठरले.

रिओ दे ला प्लाताच्या दोन्ही काठांवर

ब्युनोस आयर्स आणि माँटेव्हिडिओ ही दोन शहरे रिओ दे ला प्लाता या विस्तीर्ण खाडीच्या समोरासमोरच्या काठांवर वसली आहेत. १८९१ ची पहिली लीग एकाच हंगामानंतर थांबली, परंतु अलेक्झांडर वॉटसन हटन या स्कॉटिश शिक्षकाच्या पुढाकाराने १८९३ मध्ये ती नव्याने उभी राहिली आणि तिच्यातूनच आजची अर्जेंटिनाची फुटबॉल संघटना वाढली. उरुग्वेची लीग १९०० मध्ये सुरू झाली आणि तिचा पहिला विजेता पेन्यारोलचा रेल्वे क्लबच होता. पुढे हा क्लब रेल्वे कंपनीपासून वेगळा झाला आणि वस्तीचे नाव धारण करून पेन्यारोल म्हणून नांदू लागला. त्याचा जन्म १८९१ चा धरायचा की विभक्तीनंतरचा, यावर त्याचा कट्टर प्रतिस्पर्धी नॅसिओनाल आजही वाद घालतो.

मुंबईच्या वाटेपासून या वाटेचा फाटा नेमका येथे फुटतो. रेल्वेचा संघ रेल्वेपासून सुटला आणि वस्तीचा झाला. ब्युनोस आयर्सच्या बंदराजवळील ला बोका या गोदीकामगारांच्या वस्तीत, इटलीच्या जेनोवा परिसरातून आलेल्या कुटुंबांतील मुलांनी १९०५ मध्ये बोका ज्युनियर्स स्थापन केला. असे क्लब कायद्याने सभासदांच्या संस्था असतात. वर्गणी भरणारा सभासद मतदान करतो, अध्यक्ष निवडतो, आणि क्लबच्या आवारात फुटबॉलखेरीज बास्केटबॉल, पोहणे, मुलांचे वर्ग आणि सणसमारंभही चालतात. मराठी वाचकाला ही रचना सार्वजनिक मंडळासारखी किंवा तालमीसारखी वाटेल आणि ती ओळख बरीचशी खरी आहे.

ब्राझीलची वाट थोडी निराळी होती. देशाचा विस्तार इतका की संघांना एका टोकाकडून दुसरीकडे नेणे पूर्वी परवडत नसे. म्हणून तेथे राज्य हाच साखळीचा पाया ठरला. साओ पाउलो राज्याची स्पर्धा १९०२ मध्ये आणि रिओची १९०६ मध्ये सुरू झाली, तर सर्व देशाची साखळी स्पर्धा १९७१ पासून मानली जाते. आज राष्ट्रीय स्पर्धेच्या चार श्रेणी असून सर्वोच्च श्रेणीत २० क्लब प्रत्येकी ३८ सामने खेळतात आणि तळाचे चार क्लब खाली उतरतात. चौथ्या श्रेणीचा दरवाजा मात्र राज्य स्पर्धांतून उघडतो, त्यामुळे दूरच्या राज्यातील लहान क्लबलाही वर जाण्याची वाट नियमाने दिसत असते.

१९१६ : खंडाची संघटना

देशादेशांच्या या साखळ्या एकत्र गुंफण्याचे श्रेय उरुग्वेच्या हेक्टर रिवादाविया गोमेझ यांना जाते. अर्जेंटिनाच्या स्वातंत्र्यघोषणेच्या शताब्दीनिमित्त जुलै १९१६ मध्ये ब्युनोस आयर्सला अर्जेंटिना, उरुग्वे, ब्राझील आणि चिली यांची स्पर्धा भरली आणि ती चालू असतानाच, ९ जुलै रोजी, 'कॉन्मेबॉल' या खंडीय महासंघाची स्थापना झाली. पाहुण्यांना बोलावून एक चषक खेळवायचा आणि निरोप द्यायचा, एवढ्यावर ते थांबले नाहीत, तर पुढची स्पर्धा कोण, केव्हा आणि कोणत्या नियमांनी भरवणार हे ठरवणारी संस्था त्यांनी त्याच आठवड्यात उभी केली. युरोपच्या महासंघाची स्थापना १९५४ ची, हे ध्यानात घेतले की या दूरदृष्टीचे मोल कळते. नंतर पॅराग्वे, पेरू, बोलिव्हिया, इक्वेडोर आणि कोलंबिया आले, शेवटी १९५२ मध्ये व्हेनेझुएला आला आणि दहा सदस्यांचे हे कुटुंब पूर्ण झाले.

पहिली स्पर्धा उरुग्वेने जिंकली आणि सर्वाधिक गोल केले ते इसाबेलिनो ग्रादिन या कृष्णवर्णीय खेळाडूने. उरुग्वेने संघात 'आफ्रिकी' खेळवले अशी तक्रार त्या वेळी चिलीच्या बाजूने झाली होती. त्या काळात कृष्णवर्णीयांना राष्ट्रीय संघात स्थान देणे किती धाडसाचे होते, हे या तक्रारीवरूनच दिसते. 'कोपा अमेरिका' हे नाव या स्पर्धेला १९७५ पासून मिळाले. 'कोपा' म्हणजे चषक. २०२४ पर्यंत अर्जेंटिनाने १६, उरुग्वेने १५ आणि ब्राझीलने ९ वेळा हा चषक जिंकला आहे. सदस्य दहाच असल्यामुळे १९९३ पासून मेक्सिको, अमेरिका यांसारखे बाहेरचे संघ निमंत्रित केले जातात.

दहा ही संख्या लहान आहे, पण साखळीला ती अतिशय सोयीची ठरली. १९९८ च्या विश्वचषकापासून पात्रता फेरी एकाच गटात खेळवली जाते. त्यात दहाही देश उतरले की प्रत्येक देश इतर नऊ देशांशी दोनदा, म्हणजे एकूण १८ सामने खेळतो आणि ही फेरी दोन वर्षांहून अधिक काळ चालते. बोलिव्हिया आपले घरचे सामने अनेकदा समुद्रसपाटीपासून सुमारे ३,६०० मीटर उंचीवरील ला पाझ शहरात खेळत आला आहे, जेथे विरळ हवेत पाहुण्यांना धाप लागते. १ एप्रिल २००९ रोजी तेथे अर्जेंटिनाचा १-६ असा पराभव झाला, तेव्हा त्याच्या संघात लिओनेल मेस्सी होता आणि प्रशिक्षक दिएगो मॅराडोना होते. सर्वांत दुबळ्या सदस्यालाही वर्षानुवर्षे सर्वांत बलाढ्य संघांशी खेळायला मिळते, हा या रचनेचा सर्वांत मोठा लाभ होय.

लिबर्टाडोरेस : क्लबांचा खंड

क्लबांच्या खंडीय स्पर्धेचा पहिला प्रयोग १९४८ मध्ये चिलीच्या सान्तियागो शहरात झाला आणि रिओचा वास्को द गामा तेथे विजयी ठरला. नियमित स्पर्धा १९६० मध्ये सुरू झाली. सात देशांचे सात विजेते क्लब त्या वर्षी उतरले आणि अंतिम लढतीत पॅराग्वेच्या ऑलिम्पियाला नमवून पहिला चषक पटकावला तो पेन्यारोलने, म्हणजे १८९१ च्या त्याच रेल्वेवस्तीच्या क्लबने. त्याचा आघाडीवीर, इक्वेडोरचा अल्बर्टो स्पेन्सर, याचे ५४ गोल हा या स्पर्धेतील आजही न मोडलेला विक्रम आहे. ब्राझीलने तर या स्पर्धेला आपला प्रतिनिधी पाठवता यावा म्हणून १९५९ मध्ये राज्यविजेत्यांची देशव्यापी स्पर्धाच सुरू केली. वरच्या कडीने खालची कडी घडवली, ती अशी.

सायमन बोलिव्हार, सान मार्टिन यांसारख्या मुक्तिदात्यांच्या स्मरणार्थ पुढे या स्पर्धेला 'कोपा लिबर्टाडोरेस' हे नाव मिळाले. पेले यांच्या सान्तोसने १९६२ व १९६३ मध्ये ती जिंकली, तर ब्युनोस आयर्सजवळच्या आवेयानेदा शहरातील इंडिपेंडिएंटेने एकूण सात वेळा जिंकून सर्वाधिक विजेतेपदांचा मान मिळवला. सध्या ४७ क्लब तिच्यात येतात, प्राथमिक फेऱ्यांनंतर ३२ क्लब आठ गटांत खेळतात, आणि गटात तिसरा येणारा क्लब 'कोपा सुदामेरिकाना' या २००२ मध्ये सुरू झालेल्या दुय्यम स्पर्धेत जातो. येथे साखळी आणि बाद या दोन्ही पद्धतींचा मेळ घातलेला दिसतो, कारण आधी साखळीतून पात्रता सिद्ध होते आणि मग बाद फेऱ्यांतून चषकाचा मानकरी ठरतो.

गाठी आणि भेगा

ही व्यवस्था निर्दोष मात्र नाही. अर्जेंटिनात १९८३ पासून घसरण ठरवण्यासाठी 'प्रोमेदियो' म्हणजे अनेक हंगामांच्या गुणांची सरासरी वापरण्याची पद्धत आली. एखाद्या वाईट वर्षाने मोठा क्लब खाली जाऊ नये, असा तिचा परिणाम अपेक्षित होता, तरीही २०११ मध्ये रिव्हर प्लेटसारखा क्लब घसरलाच. २०१८ च्या लिबर्टाडोरेसच्या अंतिम फेरीत बोका आणि रिव्हर समोरासमोर आले, पण बोकाच्या बसवर हल्ला झाल्यामुळे दुसरा सामना थेट स्पेनमधील माद्रिद येथे न्यावा लागला. मुक्तिदात्यांच्या नावाचा चषक ज्या देशापासून मुक्ती मिळवली त्याच देशाच्या राजधानीत दिला गेला, हे त्या खंडाच्या जिव्हारी लागले. पुढच्या वर्षापासून अंतिम फेरी एकाच सामन्याची झाली. २०१५ मध्ये अमेरिकी तपासयंत्रणांनी उघड केलेल्या लाचखोरीच्या प्रकरणात महासंघाचे माजी व विद्यमान पदाधिकारी आरोपी ठरले. उत्तम खेळाडू विशीच्या आत युरोपला जातात, ही जखम तर कायमचीच आहे. एवढे सोसूनही साखळी तुटली नाही, कारण तिचा भार पदाधिकाऱ्यांपेक्षा वस्तीवस्तीतल्या सभासदांनी अधिक पेलला आहे.

कोल्हापूरच्या तालमी, गोव्याचे क्लब

महाराष्ट्रात या घडणीच्या सर्वांत जवळ जाणारे शहर म्हणजे कोल्हापूर. छत्रपती घराण्याच्या आश्रयाने १९४० मध्ये स्थापन झालेली कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशन, म्हणजे 'केएसए', तेथे वरिष्ठ गटाची साखळी स्पर्धा भरवते, आणि शाहू स्टेडियमवर उतरणारे संघ कंपन्यांचे नसून पेठांचे असतात. पाटाकडील तालीम, दिलबहार तालीम, बालगोपाल तालीम, खंडोबा तालीम, शिवाजी तरुण मंडळ, प्रॅक्टिस क्लब ही नावे तेथे घराण्याच्या नावांसारखी उच्चारली जातात. कुस्तीसाठी जन्मलेल्या तालमींनी फुटबॉल आपलासा केला. पेन्यारोलच्या क्रिकेट क्लबाचेही तसेच झाले होते. विश्वचषकाच्या महिन्यात पेठापेठांत अर्जेंटिना आणि ब्राझीलचे झेंडे लागतात, तेव्हा वस्तीच्या क्लबावर जीव टाकणारी दोन गावे नकळत एकमेकांना ओळखत असतात. समर्थकांमधील हाणामाऱ्यांची कीडही दोन्हीकडे सारखीच आहे. २०१७ च्या १७ वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळलेला अनिकेत जाधव याच शहरातला. परंतु पेठेच्या संघाला कोल्हापूरच्या साखळीतून राज्याच्या आणि तेथून देशाच्या साखळीत नेणारी अखंड वाट नसल्याने खेळाडू एकटा वर जातो आणि त्याची तालीम मात्र होती तेथेच राहते.

गोव्यात फुटबॉल १८८३ मध्ये शिवोलीला फादर विल्यम रॉबर्ट लायन्स यांच्याबरोबर आला असे मानले जाते. रिओच्या वास्को द गामा क्लबाचे आणि गोव्यातील वास्को स्पोर्ट्स क्लबचे नाव एकाच पोर्तुगीज दर्यावर्दीवरून आलेले आहे. देशाची साखळी सुरू झाल्यावर तिचा सर्वाधिक लाभ गोव्याने उठवला आणि धेंपो क्लबने ब्राझीलच्या बेटोसारख्या खेळाडूंच्या साथीने २००४-०५ ते २०११-१२ या काळात पाच राष्ट्रीय विजेतेपदे मिळवली. पण २०१४ मध्ये सुरू झालेली नवी लीग फ्रँचायझी पद्धतीची, म्हणजे शुल्क भरून संघ चालवण्याचा हक्क घेण्याची होती आणि सुरुवातीची अनेक वर्षे तिच्यात खालून वर येण्याची सोय नव्हती. राष्ट्रीय साखळीच्या नियोजित फेररचनेच्या निषेधार्थ धेंपो, साळगावकर आणि स्पोर्टिंग क्लब द गोवा यांनी २०१६ मध्ये आय-लीगमधून, म्हणजे जुन्या राष्ट्रीय साखळीतून, माघार घेतली. मैदानावर जिंकून वरच्या लीगमध्ये बढती मिळवणारा पहिला क्लब, पंजाब एफसी, यायला २०२३ साल लागले.

जितेहून नेरुळपर्यंत

फुटबॉलमध्ये तुटलेली ही वाट महाराष्ट्रात दुसऱ्या एका खेळात मात्र दिसते. पनवेल-रोहा रेल्वेमार्गावर आपटा आणि हमरापूर यांच्या मध्ये जिते हे स्थानक आहे. पेण-रोह्याचा हा पट्टा फुटबॉलचा नव्हे, कबड्डीचा. येथे गावोगावी मंडळ आहे, वर्गणी आहे, मैदान आखणारे हात आहेत, आणि मंडळाचा खेळाडू जिल्हा संघटनेच्या निवडीतून राज्य स्पर्धेपर्यंत जाऊ शकतो, ही शिडीही आहे. दक्षिण अमेरिकेने फुटबॉलमध्ये जे साधले त्याचे मूळ तत्त्व, म्हणजे गावाचा संघ आणि त्याला वर नेणारी नियमबद्ध वाट, या भागाला कबड्डीमुळे परके नाही.

याच मार्गाच्या मुंबईकडील टोकाशी, पनवेलच्या पलीकडे, नेरुळचे डी. वाय. पाटील स्टेडियम आहे. २०१७ च्या १७ वर्षांखालील विश्वचषकात तेथे पॅराग्वेच्या कुमारांनी गटातील तिन्ही सामने जिंकले, आणि ३० ऑक्टोबर २०२२ रोजी १७ वर्षांखालील मुलींच्या विश्वचषकाचा अंतिम सामना स्पेन आणि कोलंबिया यांच्यात झाला, जो स्पेनने १-० असा जिंकला. कोलंबिया, ब्राझील आणि चिली हे तिन्ही संघ त्या स्पर्धेत आपल्या खंडाच्या कुमारी स्पर्धेतून पात्र ठरून आले होते. भारताला यजमान म्हणून प्रवेश होता आणि त्याने गटातील तिन्ही सामने गमावले. कोलंबियाची १७ वर्षांची लिंडा काइसेडो त्याच वर्षी जुलैमध्ये महिलांच्या कोपा अमेरिकेची सर्वोत्तम खेळाडू ठरली होती. क्लब, कुमारी संघ, खंडाची स्पर्धा आणि विश्वचषक अशा चार पायऱ्या तिच्या वाटेत आधीच रचलेल्या होत्या. भारतीय मुलींच्या वाटेत मधल्या पायऱ्या अशा सलग रचलेल्या नव्हत्या.

म्हणून महाराष्ट्राला आणखी एका भव्य चषकाची नव्हे, तर साखळीची गरज आहे: तालुक्याची लीग जिल्ह्याच्या लीगला, जिल्ह्याची राज्याला आणि राज्याची देशाला बढती-घसरणीने जोडणारी, आणि पावसाळा व परीक्षांचे वेळापत्रक सांभाळून दरवर्षी न चुकता भरणारी. पेन्यारोल ही १८९१ मध्ये केवळ रुळांशेजारची, कामगारांची वस्ती होती. तिला खंडाच्या पहिल्या विजेतेपदापर्यंत पोहोचायला ६९ वर्षे लागली, आणि त्यांतला १९०० नंतरचा जवळजवळ प्रत्येक हंगाम ती कुठल्या ना कुठल्या साखळीत खेळत राहिली होती. जितेच्या स्थानकाशेजारूनही रूळ जातात, आणि जेथे मंडळ व मैदान दोन्ही आहे तेथे पहिली कडी जोडायला वेगळ्या मुहूर्ताची वाट पाहावी लागत नाही.